7 गुण, 19 फाउल : दहाव्या सीटचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचं एक तालुक्याचं गाव. कबड्डीचे संघ वाडीवाडीला, क्रिकेटची तर मोजदादच नाही, आणि बास्केटबॉलचं कोर्ट अख्ख्या गावात एक. तेही सिमेंटचं, उघड्यावरचं. पावसाचे चार महिने त्यावर शेवाळ धरतं. गणपती गेले की पुढच्या रविवारी मुली, त्यांचे भाऊ आणि हाताशी लागेल तो पालक असे सगळे मिळून ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यांनी ते घासतात, आणि तिथून आमचा हंगाम सुरू होतो.

पावसात सराव चालतो तो शाळेच्या लांब पडवीत. तिथे रिंग नाही, उंची नाही. मग शिकवायचं काय, तर डिफेन्सची पावलं, पाठ लावून माणूस अडवणं, पासच्या वाटेत हात घालणं. चार महिने हेच. त्यामुळे आमच्या मुली ऑक्टोबरमध्ये बाहेर येतात तेव्हा पायांनी तरबेज आणि शॉटला कच्च्या असतात. या प्रकरणातली आठ नंबरची मुलगी म्हणजे त्या पडवीतच घडलेली खेळाडू.

नावं देत नाही, जर्सीचे नंबर देते. पूर्वीच्या नियमाप्रमाणे 4 ते 15 नंबर घालायची पद्धत होती, आमच्या जर्सी अजून त्याच आहेत. संघ 17 वर्षांखालच्या मुलींचा, मुली 13. मुख्य प्रशिक्षक म्हणजे सर, निवृत्त क्रीडाशिक्षक. मी त्यांच्या हाताखाली. दिवसा बँकेत, संध्याकाळी कोर्टवर. मुली मला ताई म्हणतात. क्लबचे चिटणीस म्हणजे आमचे काका. हिशोब चोख ठेवणारा माणूस, तरुणपणी कबड्डीत कव्हरला खेळलेला. निवड आम्ही तिघं करायचो.

अडचण

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जिल्ह्यातल्या क्लबांची साखळी झाली. आम्ही सहा सामने खेळलो. त्यानंतर नाताळच्या सुट्टीत घाटावरच्या एका शहरातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. नियमानं संघात 12 जणी नेता येतात, पण क्लबच्या पैशात एकच ट्रॅक्स गाडी बसत होती. चालक, सर, मी आणि दहा मुली. म्हणजे तीन मुली घरी राहणार.

नऊ नावांवर वाद नव्हता. दोन मुली नवीन होत्या, त्यांनाही ते माहीत होतं. दहावी सीट कुणाची, आठ नंबरची की दहा नंबरची, एवढाच प्रश्न उरला.

काकांनी सहाही सामन्यांच्या स्कोअरशीट घेऊन वहीत तक्ता केला. अकरा नंबर 88 गुण, पाच नंबर 47, तेरा नंबर 39. दहा नंबरचे 21 गुण, 6 फाउल. तळाला आठ नंबर: 7 गुण, 19 फाउल. संघात सगळ्यात कमी गुण आणि सगळ्यात जास्त फाउल एकाच मुलीचे. काकांनी वही माझ्याकडे सरकवली.

"चेडवान सा सामन्यांत धड गोल मारूक नाय, मगे तां मैदानात करता काय?" (चेडू म्हणजे मुलगी.)

सर म्हणाले, "ती असली की संघ नीट उभा राहतो." काकांनी विचारलं, "म्हणजे काय?" सरांना सांगता येईना. मलाही आलं नाही. आम्ही दोघांनी दोन वर्षं तिला जवळजवळ प्रत्येक सामन्यात खेळवली होती आणि का खेळवतो हे एका वाक्यात सांगता येत नव्हतं. खरी अडचण तिथे होती. काकांना खेळातलं कळत नव्हतं असं मुळीच नाही. मी कव्हर आणि कोपऱ्याचं उदाहरण देऊ लागले तेव्हा ते चिडलेच: "पकड कोपऱ्याच्या नावावर जाते आणि वाट अडवतो कव्हर, हे मला नको सांगू. उद्या दहा नंबरची आई विचारेल तेव्हा मी तिला काय दाखवू?" त्यांना तक्ता खेळ समजण्यासाठी नको होता. निर्णयाला कागदाचा आधार हवा होता, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

कागदावर काय असतं आणि काय नसतं

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, सामने मोबाईलवर बघणाऱ्यांना वाटतं की स्कोअरशीटवर रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (ज्या पासवरून बास्केट झाली तो पास), स्टील (समोरच्याचा बॉल काढून घेणं) सगळं असतं. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, अधिकृत स्कोअरशीटवर यातलं काहीही नसतं. गुण कोणी केले, फाउल कोणाचे, टाइमआउट कधी घेतले, कोण सामन्यात उतरलं, एवढंच. बाकीची आकडेवारी लिहायला वेगळी माणसं लागतात, आणि जिल्हा पातळीवर गुणलेखक मिळाला तरी पुष्कळ.

म्हणजे आमच्या पातळीवर खेळाडूच्या नावावर जमेच्या बाजूला एकच गोष्ट लिहिली जाते, गुण. आणि खर्चाच्या बाजूला एकच, फाउल. जिचं काम डिफेन्सचं, तिचा फक्त खर्च लिहिला जातो. आठ नंबरचा तक्ता दुसरा कसा दिसणार होता?

हे दुखणं आपल्याच गावचं नाही. एनबीएनं स्टील आणि ब्लॉक (समोरच्याचा शॉट हातानं अडवणं) अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती 1973-74 च्या हंगामात. बॉस्टन संघाचा बिल रसेल 1969 मध्ये निवृत्त झाला, 13 हंगामांत 11 अजिंक्यपदं घेऊन. ज्या कामासाठी तो ओळखला जातो ते ब्लॉक अधिकृत नोंदीत एकही नाहीत. पासला लागलेली बोटं, सुटा बॉल, अंगावर घेतलेले चार्ज (घुसणाऱ्या खेळाडूची धडक), ज्या स्क्रीनवरून बास्केट झाली ती स्क्रीन (जोडीदाराला मोकळं करायला विरोधकाच्या वाटेत उभं राहणं), शॉटसमोर उचललेला हात, या गोष्टी तिथे 2016 च्या प्लेऑफपासून मोजू लागले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत बास्केटबॉल लीगला इतका वेळ लागला, तर काकांच्या वहीला दोष कशाला द्यायचा.

पर्याय

पहिला पर्याय सरळ होता, तक्त्यावर जायचं. दहा नंबर गाडीत, आठ नंबर घरी. कुणी काही बोललं नसतं.

दुसरा, सरांच्या शब्दावर जायचं. तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाची नजर हीसुद्धा नोंदच असते. पण सरांचा आठ नंबरवर जीव आहे हे गावाला माहीत होतं. तिचे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यावर, जातात, मुलगी पहाटे मासे निवडायला मदत करून शाळेत येते, याचं सरांना कौतुक. त्या कौतुकातून नजर किती आणि माया किती, हे सरांनाही वेगळं काढता आलं नसतं.

तिसरा मी सुचवला: प्लस-मायनस. खेळाडू कोर्टवर असताना संघानं किती कमावलं आणि किती गमावलं, याची वजाबाकी. ती काय करते हे विचारायचंच नाही, ती असताना काय होतं एवढंच बघायचं. एनबीएतल्या ह्यूस्टन संघाच्या शेन बॅटियेचं नाव मी तेव्हा घेतलं. त्याच्या गुणांची सरासरी साधीच असायची, पण तो कोर्टवर असला की संघाचं पारडं जड व्हायचं. कोबी ब्रायंटला तो अडवायचा म्हणजे बॉल काढून घ्यायचा नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तळहात धरायचा आणि ज्या जागेवरून त्याचा नेम कमी बसतो तिकडे त्याला ढकलत न्यायचा. कोबीचा शॉट चुकला की कोबीच्या नावावर चूक लिहिली जायची, बॅटियेच्या नावावर काही नाही. काका ऐकत होते. "ता अमेरिकेत," एवढंच म्हणाले.

चौथा, आपणच बसून मोजायचं. हाताशी पंधरा दिवस आणि तीन सराव सामने होते. आम्ही तिसरा आणि चौथा दोन्ही करून बघायचं ठरवलं.

काय केलं : आधी जुने कागद

प्लस-मायनससाठी कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं हे लागतं. स्कोअरशीटवर खेळाडू उतरल्याची खूण असते, वेळ नसते. माझ्या डायरीत सहापैकी चार सामन्यांच्या बदल्या लिहिलेल्या सापडल्या. 160 मिनिटांचा खेळ. त्यात आठ नंबर साधारण 78 मिनिटं आत होती, आणि त्या वेळात आम्ही 23 गुणांनी पुढे. ती बाहेर असताना 11 गुणांनी मागे.

मी आनंदानं काकांना फोन केला. मग रात्री परत डायरी उघडली आणि आनंद निम्मा झाला. त्या 78 मिनिटांपैकी 66 मिनिटं तिच्यासोबत पाच नंबर खेळत होती, आमची सगळ्यात चांगली बॉल सांभाळणारी मुलगी. मग 23 गुण कुणाचे? पाच नंबरशिवायची 12 मिनिटं बघितली, तर तिथे आम्ही 2 गुणांनी मागे. आणि 12 मिनिटांवरून कुणाचंच काही ठरत नाही, दोन बास्केट इकडच्या तिकडे झाल्या की चित्र फिरतं. दहा नंबरचं तर उलटच: सर तिला आत पाठवायचे ते बहुधा पाच नंबरला विश्रांती देताना. म्हणजे ती ज्या वेळी खेळली तो वेळच संघाचा पडता. एनबीएत एका संघाचे 82 सामने असतात, तिथेही नेहमी जोडीनं खेळणाऱ्या दोघांना या वजाबाकीतून वेगळं काढताना अभ्यासकांच्या नाकी नऊ येतात. आमचे चार सामने.

मात्र जुने कागद चाळताना एक गोष्ट हाती लागली, जी सहा सामने आमच्या नाकासमोर होती. फाउलच्या चौकोनात गुणलेखक नुसतं 'पी' लिहितो किंवा 'पी'च्या पायाशी 1, 2 असा आकडा घालतो. आकडा म्हणजे त्या फाउलवर तेवढे फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट) दिले. काकांनी चौकोन मोजले होते, पायाचे आकडे वाचले नव्हते. मीही नव्हते. आठ नंबरच्या 19 फाउलपैकी 13 नुसते 'पी'. उरलेल्या सहांवर मिळून समोरच्यांना 12 फ्री थ्रो मिळाले, त्यातले पडले 5. या वयातल्या मुलींचे फ्री थ्रो ज्यांनी पाहिलेत त्यांना याचं नवल वाटणार नाही.

म्हणजे 19 फाउलची थेट किंमत सहा सामन्यांत 5 गुण. काकांनी चष्मा पुसून ते स्वतः पुन्हा मोजलं. पण सरांनी, आपल्याच बाजूच्या माणसानं, त्यात खोट काढली: क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल भरले की पाचव्यापासून साध्या फाउललाही दोन फ्री थ्रो जातात. आठ नंबरनं आधी भरलेल्या फाउलांचा भुर्दंड नंतर दुसऱ्याच मुलीच्या नावावर लागतो. तोही तिचाच खर्च, फक्त दुसरीच्या चौकोनात लिहिलेला. बरोबर होतं. तो आकडा आम्ही काढला नाही. काढायला हवा होता.

काय केलं : मग मोजणी

क्लबच्या तीन जुन्या खेळाडू, आता बारावीत असलेल्या, मोजायला बसल्या. रकाने पाच ठरवले: बॉक्स आउट (पाठ लावून माणूस अडवणं), स्क्रीन, पासला लागलेलं बोट, सुटा बॉल, आणि हेल्प. हेल्प म्हणजे दुसरीची खेळाडू सुटून आत घुसली की आपली सोडून मध्ये येणं.

पहिल्या सराव सामन्यात फजिती झाली. एका मुलीनं आठ नंबरचे 14 बॉक्स आउट लिहिले, दुसरीनं 6. सामना तोच, बाक तोच. एकीला नुसती पाठ फिरवली तरी बॉक्स आउट वाटत होता, दुसरीला रिबाउंड आपल्याला मिळाला तरच. दोघी भांडायला लागल्या तेव्हा मला कळलं की मी त्यांना शब्द दिला होता, व्याख्या दिली नव्हती. मग ठरवलं: शॉट सुटल्यापासून बॉल रिंगला लागेपर्यंत प्रतिस्पर्धी पाठीमागे पाहिजे आणि अंगाला अंग लागलेलं पाहिजे. रिबाउंड कुणालाही मिळो. स्क्रीनची खूण फक्त तिच्यावरून बास्केट झाली तर. बोट म्हणजे बॉलची वाट बदलली तर.

हेल्पवर एकमत झालंच नाही. आठ नंबर एक पाऊल मध्ये येते, समोरची ड्राइव्ह करायची थांबते आणि बॉल परत फिरवते. घडलं काय? काहीच नाही. त्या काहीच-नाहीची खूण कशी करायची? एक मुलगी म्हणाली, "ताई, जे झालंच नाही ते मी कुठे लिहू?" तो रकाना आम्ही सोडून दिला. मला अजून वाटतं की तिचा अर्धा खेळ त्या रकान्यात होता.

दुसरा सामना कॉलेजच्या मुलींशी. कुणाच्या तरी भावानं कठड्यावर मोबाईल ठेवून सगळा सामना टिपला. या वेळी दोन मोजणाऱ्यांच्या खुणा जवळपास जुळल्या. आठ नंबरच्या चार रकान्यांत मिळून 17 खुणा, त्यातले बहुतेक बॉक्स आउट. दहा नंबरच्या 5.

व्हिडिओत एक गोष्ट स्वच्छ दिसली. आमची तेरा नंबर रिबाउंडसाठी नावाजलेली. पालक तिला 'रिबाउंडर' म्हणतात. पण बॉल तिच्या हातात पडत होता त्या प्रत्येक वेळी, चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आठ नंबर समोरच्यांच्या सगळ्यात उंच मुलीला पाठीवर घेऊन उभी होती. तिचं बॉलकडे लक्षच नव्हतं. 2016-17 मध्ये ओक्लाहोमाच्या रसेल वेस्टब्रुकनं हंगामभर ट्रिपल-डबलची (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दोन आकडी) सरासरी राखली तेव्हा त्याच्या रिबाउंडमागे त्याच्याच संघातल्या स्टीवन ॲडम्सची पाठ असते असं लोक म्हणायचे, ते मला तेव्हा नीट समजलं.

काकांना मी तो तुकडा तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनीच बोट ठेवलं, "हय बघ, हय."

तोच व्हिडिओ पाहताना दुसरंही काही दिसलं, जे मला नको होतं. आपला बॉल असताना आठ नंबरला कुणी धरतच नव्हतं. ती शॉट मारत नाही हे समोरच्यांना पाच मिनिटांत कळलं होतं, आणि तिची डिफेंडर सरळ अकरा नंबरच्या अंगावर जात होती. दोघींच्या मध्ये सापडून अकरा नंबरचे बॉल जात होते. ते टर्नओव्हर अकरा नंबरचे. त्यामागचं कारण कोपऱ्यात मोकळं उभं. स्कोअरशीटवर न दिसणारी जमा शोधायला आम्ही निघालो होतो, आणि न दिसणारा खर्चही तिथेच सापडला. ही गोष्ट बैठकीत मी सांगितली, पण शेवटी आणि घाईत. माझ्या मनात तोवर उमेदवार ठरलेला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

भिंतीवरचा कागद

मधेच आम्ही एक चूक केली. मुलींना समजावं, उमेद वाटावी म्हणून खुणांचा तक्ता शाळेच्या पडवीतल्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवसापासून खेळच बदलला. जिथे गरज नाही तिथे मुली एकमेकींना पाठी लावू लागल्या. रेषेबाहेर चाललेल्या, आपल्यालाच मिळणार असलेल्या बॉलवर उड्या पडू लागल्या. सिमेंटवर तेरा नंबरचा गुडघा चांगलाच सोलवटला. आठ नंबर, जी खुणांत पहिली होती, ती पाठ लावून उभी राहायची ती बॉल पायाशी पडला तरी हलेना. मी ओरडले, "अगं, उचल की!" तर म्हणाली, "ताई, सोडला तर बॉक्स आउट धरतील ना?"

तीन दिवसांनी सरांनी काही न बोलता कागद काढून खिशात घातला. तिसऱ्या सराव सामन्याच्या खुणा आम्ही निवडीत धरल्या नाहीत.

निर्णय

बैठक दहा मिनिटांत संपली. काका म्हणाले, "आठ नंबर घ्या." आदल्या दिवशी बंदरावर त्यांना आठ नंबरचे वडील भेटले होते. काकांनी सहज विचारलं, तुमचं चेडू गोल कित्याक मारणा नाय? वडील म्हणाले, "रापणीक दोरयेक हात लावल्यान तेका वाटो गावता. मासो खंयच्या हाताक लागलो तां कोण इचारता?" म्हणजे, दोरीला हात लावला त्याला वाटा मिळतो, मासा कुणाच्या हाताला लागला हे कोण विचारतं? काकांनी हे आम्हाला हसत सांगितलं. आमच्या पंधरा दिवसांच्या खुणांपेक्षा या वाक्यानं त्यांचं मत जास्त वळलं असावं असा माझा संशय आहे.

यादी फळ्यावर लागली. दहा नंबरला वेगळं बोलावून कुणी काही सांगितलं नाही. मला वाटलं सर सांगतील, सरांना वाटलं मी.

निकाल

फोंडा घाट चढून गेलो, तीन सामने खेळलो. पहिला जिंकलो, आठ नंबर 0 गुण, 3 फाउल, आणि समोरच्यांच्या उंच मुलीला दुसऱ्या संधीचे रिबाउंड जवळजवळ मिळाले नाहीत.

दुसरा शहरातल्या एका तयार संघाशी. मध्यंतरापर्यंत बरोबरी. तिसऱ्या क्वार्टरला त्यांच्या प्रशिक्षकांनी तेच केलं जे आमच्या व्हिडिओत दिसलं होतं: आठ नंबरला सोडलं आणि अकरा नंबरवर दोघी लावल्या. बघता बघता 4 गुणांनी मागे पडलो. चौथ्याच्या सुरुवातीला सरांनी आठ नंबरला बसवलं. अकरा नंबर मोकळी झाली, पण इकडे रिबाउंड त्यांच्या उंच मुलीच्या हातात पडू लागले. 9 गुणांनी हरलो. ती आत असली तरी नुकसान, बाहेर असली तरी नुकसान. परतीच्या वाटेवर सर आणि मी घाट उतरेपर्यंत यावरच बोलत होतो. तिसरा सामना थोडक्यात हरलो. त्यात तिनं एक बास्केट केली, बोर्डाला लावून, आणि आमच्या बाकावरच्या मुली अजिंक्यपद मिळाल्यासारख्या नाचल्या. स्पर्धेतली तिची नोंद: 2 गुण, 9 फाउल.

दहा नंबर जानेवारीत सरावाला आली नाही. एक दिवस तिची आई बँकेत आली. पासबुक भरून झालं तरी काउंटरसमोर उभी राहिली. "ताई, तिने काय करायला हवं होतं तेवढं सांगा. घरात ती मला तेच विचारते." माझ्या ड्रॉवरमध्ये खुणांचा कागद होता. तो काढून दाखवायला गेले आणि हात थांबला. आठ नंबर 17, दहा नंबर 5. पण कॉलेजच्या सामन्यात आठ नंबर 31 मिनिटं खेळली होती आणि दहा नंबर 11. मी मिनिटांनी भागलंच नव्हतं. घरी येऊन भागलं: दर दहा मिनिटांना आठ नंबरच्या साडेपाच खुणा, दहा नंबरच्या साडेचार. बँकेत रोज व्याजाचे दर काढणाऱ्या बाईकडून हे सुटलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, स्कोअरशीट पुरती वाचेन. फाउलच्या पायाचे आकडे, चालू गुणांच्या रांगेत आमच्या बास्केट कधी आल्या आणि कधी आटल्या, क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल किती लवकर भरले, हे सगळं तिथे होतं. नवं मोजण्याआधी लिहिलेलं वाचायला एक संध्याकाळ पुरली असती.

बदल्यांची वेळ आता एक मुलगी प्रत्येक सामन्यात लिहिते. प्लस-मायनसवर मी अजूनही फार भरवसा ठेवत नाही, पण सरावात पाच आणि आठ नंबरला मुद्दाम वेगळ्या संघांत घालतो. साखळीतच तसं थोडं करून बघितलं असतं तर डिसेंबरमध्ये इतका घोळ झाला नसता. खुणा मोजतो त्या मिनिटांसकट, आणि कागद भिंतीवर लावत नाही. मुलींना व्हिडिओचा तुकडा दाखवतो. पाठ लावली आणि मग बॉल आपल्याला मिळाला, हे सलग दिसलं की खुणेचा हव्यास होत नाही असा निदान आतापर्यंतचा अनुभव आहे. काकांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते मुलींना आकडा दिसला पाहिजे. हा वाद चालू आहे.

मोजणाऱ्यांना कोणत्या दोन मुलींचा प्रश्न आहे हे माहीत नसायला हवं होतं. गावात ते अवघडच, पण आम्ही प्रयत्नही केला नाही.

दहावी सीट आठ नंबरला देणं चूक होतं का? सर म्हणतात नाही. मला वाटतं, दोघींतलं अंतर आम्ही समजलो त्यापेक्षा बरंच कमी होतं, आणि इतकं कमी असतं तेव्हा जिला घरी ठेवायचं तिला तोंडानं सांगणं एवढं तरी आमच्या हातात होतं. यादी लावण्याच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जायला हवं होतं.

आठ नंबरला आम्ही जानेवारीपासून एकच शॉट शिकवला, रिंगच्या उजव्या बाजूनं बोर्डाला लावून मारायचा. रोज पन्नास. पुढच्या हंगामात तिची डिफेंडर निदान अर्धं पाऊल तरी तिच्या बाजूला राहू लागली. दहा नंबर फेब्रुवारीत परत आली. आईनं पाठवली की स्वतःहून आली, मी विचारलं नाही.

आणि हेल्पचा रकाना अजून रिकामाच आहे. गेल्या महिन्यात त्याच मोबाईलवरच्या व्हिडिओतला वीस सेकंदांचा तुकडा घेऊन मोजणाऱ्या मुली पुन्हा भांडल्या. एकीच्या मते आठ नंबरच्या पावलामुळे पास फिरला. दुसरीच्या मते त्या मुलीला मुळात डावीकडून जाताच येत नाही.